म्हशीच्या तोंडातलं हाड

आबा,

काकूची म्हैस कशानं मेली ते मला आता कळलं आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हशीला त्याहून जास्त, आणि गावात तिची आठवण आता कुणी काढत नाही. तुम्ही मात्र काढायचात. आजारपणात बाजेवर पडल्या पडल्या आढ्याकडं बघत मधेच म्हणायचात, "त्या म्हशीला नेमकं झालं काय व्हतं रं?" आणि मी "जाऊ द्या ना आबा" म्हणून तुमच्या उशाचा तांब्या भरायला उठायचो. आता माझ्याकडं उत्तर आहे आणि विचारणारं माणूस नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सावकाश लिहितो. चुका झालेल्या तुम्हाला चालायच्या नाहीत. तुम्ही सेक्रेटरी होतात त्या दूध संस्थेच्या फळ्यावर मी पहिल्यांदा खडूनं लिहिलं तेव्हा 'दुध' असं ऱ्हस्व काढलं होतं. तुम्ही चारचौघांत माझ्या हातातला खडू काढून घेतलात आणि म्हणालात, "दीर्घ काढ. ऱ्हस्व काढलंस तर लोक म्हणतेल, सेक्रेटरीनं पाणी घातलंय." सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण तेव्हापासून शब्दाची शंका आली की माझा हात आपोआप थांबतो. आज ज्याच्याविषयी सांगायचं आहे तो शब्द तर लांबलचक आहे: ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट. आधी दुसऱ्या कागदावर लिहून पाहिला, मगच इथं उतरवला. सगळे त्याला एटीपी म्हणतात, मीही तसंच म्हणेन.

त्या वर्षी लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या होत्या आणि गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि जनावरं उरली होती. संस्थेनं तलावाच्या कोरड्या तळात चारा छावणी उघडली आणि तिचा कारभार तुमच्याकडंच आला. काकू मागं राहिली होती. चुलते गेल्यावर तिला कोयत्याला जोडीदार नव्हता, आणि मुकादम एकट्या बाईला टोळीत घेत नाही. तिच्याकडं होती ती एक म्हैस, छावणीतच व्यालेली. त्या म्हशीचं दूध संस्थेत गेलं तर काकू गावात राहणार, नाहीतर तिला तिच्या भावाच्या दारात जाऊन पडावं लागणार, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. ती एकदा तुम्हाला म्हणालीही होती, "भावजी, भावाच्या घरी मी दोन दिसाची पाव्हणी बरी. तिसऱ्या दिशी भावजय भांडी वाजवती."

छावणीत ट्रकनं ऊस यायचा आणि उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची पात. दुसरं काही मिळतच नव्हतं. जनावरांची तोंडं चिकट झालेली असायची, माशांचे थवे बसायचे, पण पोटं भरलेली दिसायची आणि आपण त्यातच समाधानी होतो. मी संध्याकाळी तुमच्याबरोबर वैरण वाटायला यायचो आणि उरलेला वेळ बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन छपराखाली बसायचो. आणि एके दिवशी, मला आत्ता समोर दिसतं आहे, काकूची म्हैस दाव्याच्या टोकापर्यंत ताणून उभी आहे, मान तिरकी केली आहे आणि तिच्या तोंडात एक पांढरं हाड आहे. तलावाच्या तळात अशी हाडं बरीच वर आली होती, कुठल्या कुठल्या वर्षांची. ती ते इकडून तिकडं फिरवते आहे, दाढेखाली धरते आहे, कडकड आवाज येतो आहे आणि लाळेची तार खाली लोंबते आहे. डोळे अर्धे मिटलेले.

"ओ वयनी," कुणीतरी पलीकडून ओरडलं, "तुमची म्हैस मटण खायाय लागली! रस्सा कोण करणार?"

काकू शेण भरत होती, तिनं मान वर केली नाही. "तुझ्या ताटातलं पळवलं व्हय रं तिनं? मंग कावून रडतूस?"

हसण्यावारी गेलं असतं. पण संस्थेच्या पंचांपैकी एक माळकरी तिथं होते, ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या ओट्यावर त्यांनी आपली किटली बाजूला ठेवली आणि म्हणाले, हाडं खाणाऱ्या म्हशीचं दूध ज्या कॅनमध्ये जाईल त्या कॅनमध्ये माझं दूध जाणार नाही. एकादशीला लोक हेच दूध पितात. त्यांच्या मागं आणखी दोघातिघांनी किटल्या बाजूला ठेवल्या. तुम्ही मापाचं भांडं हातात धरून उभे होतात. काकूचा नंबर आला तेव्हा तुम्ही ते भांडं तिच्या बरणीखाली धरलं नाही.

"भावजी, दूध पांढरंच हाय न्हवं?"

"पांढरं हाय."

"मंग?"

"लोकाचं तोंड कोन धरणार, बाई?"

"लोकाचं धरता येईना, म्हून म्हशीचं धरा."

ती रागानं बोलली होती, पण तुम्ही ते खरंच मनावर घेतलंत. त्या दिवशी दुपारभर तुम्ही छपराच्या सावलीत सुतळी घेऊन बसलात. म्हशीच्या तोंडाला बांधायचं जाळीचं मुसकं विणलंत. मला वाटतं तुमच्या हातची इतकी नीट वस्तू मी दुसरी पाहिली नाही: गाठी सारख्या, भोकं सारखी, आणि नाकावर घासू नये म्हणून कडेला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली. तुम्ही ते काकूला दिलंत आणि म्हणालात, "वैरणीपुरतं काढायचं, मंग बांधायचं. मी सांगतो समद्यांला." आणि सांगितलंतही. पंचांच्या देखत म्हशीला मुसकं चढवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून काकूचं दूध पुन्हा कॅनमध्ये पडायला लागलं. काकू आपल्या घरी येऊन आईच्या हातात भाकरीसोबत लसणाची चटणी देऊन गेली. तुम्ही ती तोंडी लावत म्हणालात, "मिटलं."

मिटलं नव्हतं. थोड्याच दिवसांत काकू सकाळी पळत आली. पदर डोक्यावर नव्हता, आणि ती तुमच्यासमोर अशी कधीच यायची नाही. "भावजी, म्हैस तांबडं मुतती."

आपण गेलो तेव्हा मातीवर डाग होता, काळ्या चहासारखा. माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं करणी. तेवढ्यात ते माळकरी पंच शांतपणे म्हणाले, "खाल्लेली हाडं रक्त हून बाहीर पडत्यात." आणि ते सगळ्यांना पटलं. तुम्हालाही पटलं, आबा. तुमचा चेहरा मी पाहत होतो. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या छावणीवर अडकले होते, निरोप दिला पण ते पोचेपर्यंत उशीर होणार होता. तुम्ही पाटोद्याला माणूस पाठवून धने आणि खडीसाखर आणवलीत, धन्याचं पाणी पाजलंत, अंगावर ओली पोती घातलीत. आणि काकूला म्हणालात, "चोरून खात आसंल. मुसकं घट्ट कर. वैरण खाताना सोडलं तर काढू नको, मी सांगंपर्यंत. पानी जाळीतनंच पिईल."

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या डोळ्यांच्या आतली कड आधी फिकी झाली, मग कागदासारखी पांढरी. छाती भात्यासारखी हलायची. समोर उसाची पेंढी पडलेली होती, ती हुंगायचीसुद्धा नाही. मग ती बसली, आणि बसली ती उठलीच नाही. शेवटच्या संध्याकाळी काकूनं तुम्हाला न विचारता मुसकं काढून टाकलं. म्हशीनं मान लांब केली आणि तुमच्या पायातली चामड्याची वहाण चाटायला लागली. जीभ आत-बाहेर, आत-बाहेर. तुम्ही पाय मागं घेतलात. सगळ्यांना वाटलं ती माफी मागते आहे. काकू तर मोठ्यानं रडली.

संस्थेच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा तुम्ही एक वाक्य बोललात. "तिनं काय खाऊ घातलं व्हतं कुणास ठाऊक." एवढंच. तुम्हाला ते कुणावर टाकायचं नव्हतं, तुम्हाला विषय संपवायचा होता, हे मला कळत होतं. पण ते वाक्य ओट्यावरून गावात गेलं आणि काकूच्या दारात जाऊन बसलं. तिच्या पायानं आधी नवरा गेला, मग म्हैस गेली, असं बायका टाकीवर बोलायला लागल्या. पुढचा पाऊस पडायच्या आत ती रेडकू घेऊन भावाकडं निघून गेली. दोन दिवसांची पाहुणी कायमची तिथं राहिली.

त्याच वर्षी मी एक वाक्य पाठ केलं होतं: एटीपी हे पेशीतील ऊर्जेचे चलन आहे. एका गुणाचा प्रश्न. मी ते छपराखाली डोळे मिटून म्हणायचो आणि समोर म्हैस बांधलेली असायची. नंतर बारावी सुटलीच, ते वाक्य मात्र राहिलं.

आता मी घाटनांदूरच्या बाजूला असतो. दूध संघाच्या जनावरांच्या डॉक्टरबाई आहेत, त्यांच्या गाडीवर मदतनीस आहे. औषधांची पेटी लावतो, सुया उकळतो, जनावर धरतो. मागच्या पंधरवड्यात एका वस्तीवर गेलो, तर मातीवर तोच काळ्या चहाचा डाग. म्हैस नुकतीच व्यालेली, दुधाला चांगली, खायला वाळलेलं सरमड आणि वाढे. मालक म्हणाला, "बाई, करणी हाय." डॉक्टरबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली आणि त्याला विचारलं, "माती खाते का? हाडं, चपला, असलं काही चघळते का?" तो चपापला, त्याला वाटलं बाईंना अंतर्ज्ञान आहे. त्यांनी फॉस्फेटचं औषध शिरेतून सोडलं. लागोपाठ जात राहिलो. एका सकाळी मालकानं आम्हाला लांबूनच हात केला आणि ओरडला, "पांढरं मुतली!" म्हैस उभी होती. मी गाडीच्या मागं जाऊन उभा राहिलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, काय झालं रे तुला, आणि मी त्यांना सगळं विचारलं. मी लई प्रश्न विचारतो म्हणून त्या मला हसतात, पण सांगतात.

जेवढं समजलं तेवढं तुम्हाला सांगतो. उसात साखर असते, साखरेत ताकद असते, पण पेशीला ती ताकद जशीच्या तशी वापरता येत नाही. ती आधी एटीपीत भरावी लागते. एटीपीच्या टोकाला फॉस्फेटचे तीन तुकडे एकापुढं एक जोडलेले असतात. शेवटचा तुटला की ताकद सुटते आणि काहीतरी काम होतं. उरलेल्याला पुन्हा तिसरा तुकडा जोडायचा, पुन्हा तोडायचा, असं क्षणाक्षणाला चालतं. साठा करून ठेवता येत नाही. म्हणून ते चलनाचं वाक्य मला आता पटत नाही, चलन पुरून ठेवता येतं. मला आपल्या आडावरचा पोहरा आठवतो. रिकामा खाली जातो, भरून वर येतो, ओतला की पुन्हा तोच खाली. पाणी वेगळं, पोहरा वेगळा. काकूच्या म्हशीचा आड भरलेला होता, आबा. तुम्ही तिला उपाशी ठेवलं नव्हतं, साखर तिच्या पोटात होती. पोहरा नव्हता. फॉस्फरस त्या वैरणीत नव्हताच, आणि होता तेवढा रोज दुधातून जात होता, जे दूध तुम्ही मापात धरत होतात.

आणि रक्ताचं असं आहे. लाल पेशीला गप्प राहायलासुद्धा एटीपी लागतं. तिच्यात बाहेरून मीठ सारखं झिरपत असतं आणि मिठामागं पाणी येतं, म्हणून ते मीठ सारखं बाहेर ढकलत राहावं लागतं. ढकलायला बळ नसलं की पेशी फुगते आणि फुटते. आतला तांबडा रंग रक्तात सांडतो आणि मुतातून बाहेर पडतो. ते हाडांचं रक्त नव्हतं, तिचंच होतं. हाडात फॉस्फरस असतो. तिला तो हवा होता, आणि कुठं मिळेल हे तिला कुणी न सांगता कळलं होतं. तुमची वहाण ती त्यासाठीच चाटत होती.

आणखी एक. तुम्ही गेलात त्या दिवशी पाहुणे यायला संध्याकाळ झाली. तोवर तुमची उजवी मूठ इतकी घट्ट झाली होती की आंघोळ घालताना कुणाला उघडता येईना. बायका कुजबुजल्या, जीव कशात तरी अडकलाय. काकू आली होती, भावासोबत, लांब दारापाशी उभी. ती तिथूनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. धरलंय तर धरू द्या." डॉक्टरबाईंकडून कळलं की तेही एटीपीच. स्नायूला आवळायला ते लागतं हे मला वाटलंच होतं, पण आवळलेलं सोडायलासुद्धा तेच लागतं. ते संपलं की हात जसा धरलेला असेल तसा धरून राहतो. तुमच्या मुठीत काही नव्हतं. मला एवढी वर्षं वाटत होतं की होतं.

परवा सुट्टी काढून काकूकडं गेलो. भावाच्या घरामागं पत्र्याच्या एका खोलीत राहते. दात गेले आहेत, जीभ तशीच आहे. "ये, सायब. सुया टोचून टोचून जनावरं पुरली न्हाईत, आता मला टोचायला आलास व्हय?" मी चुलीसमोर बसून तिला सगळं सांगितलं, ऊस, पोहरा, हाड, तांबडं का झालं ते. सांगताना भीती वाटत होती, शब्द चुकतील म्हणून नाही. ती भाकरी थापत राहिली.

"म्हंजी तिला हाड पायजे व्हतं."

"हाड नव्हे काकू, हाडातला फॉस्फरस."

"तेच म्हन्ते मी." तिनं भाकरी उलटवली. "म्हंजी माझ्या पायानं न्हाई."

"न्हाई."

"आन् माझ्या हातानंबी न्हाई."

"न्हाई, काकू."

तव्यावरची भाकरी करपली, ती तिनं काढली नाही, मी काढली. मग ती म्हणाली, "भावजीला कळलं असतं तर त्यांनी सोताचं हाड काढून दिलं असतं तिला. लई जीव व्हता त्यांचा जनावरावर." आणि पदरानं डोळे पुसून मला म्हणाली, "लसूण दे त्यातला, ठेचा करते."

मी वर पाहिलं. आढ्याला तुमचं मुसकं टांगलेलं होतं, लसणानं भरलेलं. धोतराची पट्टी काळी पडली होती, पण गाठी तशाच. काकू म्हणाली, "भावजींची वीण हाय. अजून एक गाठ सुटली न्हाई." मी भोकातून बोटं घालून एक गड्डा काढला आणि तिच्या हातात दिला. फॉस्फरसचं एवढं सांगितलं, मुसक्याचं काही बोललो नाही. तिनंही विचारलं नाही.

डॉक्टरबाईंनी त्या वस्तीवरच्या मालकाला जाताना सांगितलं होतं, की हाड तोंडातून काढून घेतलं ते बरोबर केलं, कुजलेल्या हाडात विष असतं, त्यानंही जनावर लुळं पडून मरतं. पण काढून घेतल्यावर तिला क्षारमिश्रण द्यायचं, नुसतं काढून घ्यायचं नाही. मी हे ऐकलं तेव्हा आधी बरं वाटलं, तुमच्यासाठी. वाक्याचा दुसरा भाग नंतर रस्त्यात आठवत राहिला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं कबूल करतो. मी डॉक्टरबाईंना सगळं विचारतो, त्या कंटाळेपर्यंत विचारतो. पण मुसकं बांधलं नसतं आणि ती हाडं चघळत राहिली असती, तर काकूची म्हैस जगली असती का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारता येईल. त्या रोज भेटतात.